पहाटे साडेपाचचे शून्य

मावशीच्या रक्ततपासणीचा अहवाल आणायला आम्ही दोघी गेलो होतो. काउंटरवरच्या मुलीने दोन पाने स्टेपल करून हातात दिली आणि पुढच्या माणसाला हाक मारली. आपला कागद आपणच वाचायचा ही मावशीची जुनी सवय असल्यामुळे रिक्षात बसल्याबरोबर तिने चष्मा लावला, आणि साखर, हिमोग्लोबिन वगैरे मुख्य मजकूर सोडून ती थेट वरच्या उजव्या कोपऱ्यावर थांबली. तिथे 'सॅम्पल कलेक्टेड' ह्या शब्दांपुढे ०१-०१-१९७० ०५:३० असे छापलेले होते. "अगं, १९७० साली माझं रक्त कुणी घेतलं?" तिने विचारले. "तेव्हा मी आठवीत होते. आणि साडेपाचला तर आम्ही विहिरीवर असायचो." मग कराडजवळच्या त्यांच्या गावची जानेवारीतली पहाट सुरू झाली: हाताला चिकटणारा गार सोल, कळशीच्या काठावरचे दव, चुलीवर आधीच चढलेले पाणी आणि त्या धुराचा केसांत दिवसभर राहणारा वास. रिक्षावाला आरशातून बघत होता.

ही यंत्राची गफलत आहे, वेळ नोंदवायची राहून गेली असेल, असे मी तिला सांगितले. तिला ते पटले नाही. "राहून गेली असती तर जागा कोरी असती," ती म्हणाली. "हे तर मिनिटापर्यंत छापलंय." घरी पोहोचेपर्यंत विषय कांद्याच्या भावावर गेला होता, पण तिचे ते बोलणे माझ्या डोक्यातून जाईना. सी ह्या संगणकभाषेतल्या जुन्या प्रोग्रॅमांची देखभाल करणे हे माझे पोटापाण्याचे काम आहे. तारखांचा मजकूर करणारी फंक्शने, म्हणजे नावाने बोलावता येणारे प्रोग्रॅमचे तयार तुकडे, मी इतक्या वेळा वापरली आहेत की त्यांची अक्षरे बोटांना पाठ झाली आहेत. ह्या फंक्शनांविषयी मनात एक अस्वस्थता नेहमीच होती, आणि मावशीने तिच्यावर नेमके बोट ठेवले होते. तारीख एकदा मजकुरात उतरली की ती कुठून आली, कितपत खरी आहे, कोणी भरली की कोणी भरलीच नाही, ह्यातले काहीही तिच्या चेहऱ्यावर उरत नाही.

युनिक्स ह्या जुन्या संगणक-प्रणालीत एखादा क्षण म्हणजे जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून उलटलेले सेकंद. सीमध्ये हा आकडा टाइम-टी नावाच्या प्रकारात राहतो. तो भरायचा राहिला तर तिथे बहुतेक वेळा शून्य असते, आणि शून्य हा तर रीतसर क्षण आहे. लोकलटाइम ह्या फंक्शनकडे ते शून्य गेले की आपल्याकडे त्यात भारतीय प्रमाणवेळेचे साडेपाच तास मिळवले जातात, आणि गुरुवारची पहाट उजाडते. हेच शून्य न्यूयॉर्कमध्ये ३१ डिसेंबर १९६९ ची संध्याकाळ, सात वाजता, असे छापले जाते. लंडनमध्ये तरी मध्यरात्र यावी असे वाटते, पण तिथे रात्रीचा एक वाजतो, कारण १९६८ ते १९७१ ह्या काळात ब्रिटनने आपली घड्याळे वर्षभर एक तास पुढे ठेवली होती. म्हणजे कुठलाच आकडा नसण्यालाही प्रत्येक देशाची आपापली वेळ आहे. प्रयोगशाळेचे सॉफ्टवेअर कोणत्याही भाषेत लिहिलेले असो, हा वारसा युनिक्सचा आणि सीचा आहे.

कोरी जागा मात्र ह्यातले कोणीच छापत नाही.

सुरुवातीचे युनिक्स लिहिणाऱ्यांना दोष द्यावा असे मला वाटत नाही, कारण ते फार दूरचा विचार करतच नव्हते. न्यू जर्सीतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची ह्यांनी उभ्या केलेल्या त्या व्यवस्थेच्या १९७१ च्या पहिल्या मॅन्युअलमध्ये वेळ १ जानेवारी १९७१ पासून आणि सेकंदाच्या साठाव्या भागात मोजलेली आहे. ३२ बिटांच्या आकड्यात अशी वेळ सव्वादोन वर्षांतच संपून जाते. पुढे एकक सेकंद झाले आणि आरंभ १९७० वर स्थिरावला. तारखेचा मजकूर करायला त्यांनी सीटाइम आणि पुढे ॲस्कटाइम ही फंक्शने दिली. त्यांच्या जुन्या मॅन्युअलमध्ये नमुन्यादाखल दिलेली तारीख रविवार, १६ सप्टेंबर १९७३, रात्री १ वाजून ३ मिनिटे ५२ सेकंद, ही आहे, आणि तीच पुढे सीच्या अधिकृत प्रमाणकातही उतरली. त्या रात्री एक वाजता कोणी जागे राहून हे वाक्य टंकले असावे अशी कल्पना करायला मला आवडते. वार, महिना, तारीख, वेळ, वर्ष ह्या क्रमाने येणारा तो मजकूर बरोबर २६ बाइटांचा असतो, त्यात शेवटी नवी ओळ आणि अखेरचा शून्य-बाइट धरलेला. त्यात दहा हजारावे वर्ष मावत नाही, हे एक वेळ सोडून देता येईल. पण तो मजकूर ज्या जागेत लिहिला जातो ती एकच, सर्वांत सामाईक असते. त्यामुळे एकाच ओळीत 'पासून' आणि 'पर्यंत' अशा दोन तारखा छापायला जावे तर दोन्हीकडे एकच तारीख उमटते, तीही अगदी आत्मविश्वासाने. सी२३ ह्या आवृत्तीने ही दोन्ही फंक्शने आता कालबाह्य ठरवली आहेत. मला त्याचे थोडे वाईट वाटले, हे कबूल करायला हरकत नाही.

त्यांच्या जागी वापरायचे ते स्ट्रफटाइम. हे १९८९ च्या प्रमाणकात आले, आणि त्याची रीत अशी की आपण एक साचा द्यायचा. त्यात टक्क्याचे चिन्ह आणि एक अक्षर दिसले की तिथे तारखेचा एकेक तुकडा बसवला जातो. कॅपिटल वाय म्हणजे पूर्ण वर्ष, स्मॉल वाय म्हणजे शेवटचे दोन आकडे, स्मॉल एम म्हणजे महिना, कॅपिटल एम म्हणजे मिनिट. महिना आणि मिनिट एका अक्षराच्या उंचीवर अवलंबून ठेवण्याची ही व्यवस्था ज्याने केली त्याच्याविषयी मी कधी कधी वाईट बोलते. तरीही हा साचा मला मनापासून आवडतो, कारण तारीख लिहिणे हा निर्णय आहे हे तो लपवत नाही. आधी दिवस की आधी महिना, वर्ष चार आकडी की दोन आकडी, शून्य लावून की न लावता, हे सगळे आपल्याला उच्चारून सांगावे लागते. ०३-०४ हा मार्च आहे की एप्रिल ह्यावरून पुण्यातली आणि अमेरिकेतली मंडळी फोनवर भांडतात तेव्हा खरे तर साचा हरवलेला असतो, फक्त उत्तर उरलेले असते.

साच्यात दडलेल्या खड्ड्यांची यादी करत बसले तर हा लेख संपायचा नाही, पण एक सांगितलेच पाहिजे. १९९९ च्या प्रमाणकाने कॅपिटल जी हे अक्षर आणले. तेही वर्षच देते, पण आंतरराष्ट्रीय आठवडा-गणनेतले वर्ष. त्या गणनेत आठवडा सोमवारी सुरू होतो आणि त्यातला गुरुवार ज्या वर्षात पडतो त्या वर्षाच्या नावावर तो सबंध आठवडा जमा होतो. म्हणून ३० डिसेंबर २०२४ हा सोमवार तिथे २०२५ च्या पहिल्या आठवड्यात आहे, आणि १ जानेवारी २०२१ हा शुक्रवार २०२० च्या त्रेपन्नाव्या आठवड्यात. कोणी वाय ऐवजी जी लिहिला तर प्रोग्रॅम वर्षातले जवळजवळ सगळे दिवस बिनबोभाट चालतो. चाचणीत पकडला जात नाही, कारण चाचण्या सहसा मार्चमध्ये नाहीतर ऑगस्टमध्ये होतात. मग डिसेंबरच्या शेवटच्या दोन-तीन दिवसांत, जेव्हा निम्मे ऑफिस गोव्याला गेलेले असते, तेव्हा पावत्यांवर पुढचे वर्ष उमटू लागते. छापलेल्या पावतीकडे पाहून कोणाला काही कळण्याचा प्रश्नच नसतो. तारखेचा थाट नेहमीसारखाच असतो.

वर्षाचेच आणखी एक. लोकलटाइम जे उत्तर देते ते स्ट्रक्ट टीएम नावाच्या नऊ रकान्यांच्या चौकटीत देते, आणि त्यातला वर्षाचा रकाना १९०० पासून पुढे किती वर्षे झाली ते सांगतो. शंभराच्या आत असेपर्यंत लोक त्याच्यापुढे सरळ १९ हे अक्षरशः चिकटवून मोकळे होत. १ जानेवारी २००० ला त्या रकान्यात १०० आले आणि अनेक वेबपानांवर १९१०० हे साल उगवले. वायटूकेच्या, म्हणजे साल २००० च्या संगणक-घोळाच्या, सगळ्या गाजावाजात मला हीच चूक सगळ्यात प्रामाणिक वाटते, कारण ती चूक म्हणून दिसली तरी. पाच आकडी वर्ष पाहून शेंबड्या पोरालाही कळले असते की काहीतरी बिनसले आहे.

स्ट्रफटाइम स्वतःही कधी कधी शून्य परत देते. मजकूर दिलेल्या जागेत मावला नाही तर उत्तर शून्य, आणि मग त्या जागेत काय लिहिलेले असेल ह्याची कोणतीही हमी नाही. पण ज्या भाषेच्या मांडणीत सकाळ-दुपारचा खुणेचा शब्दच नाही तिथे फक्त तेवढा शब्द मागितला तरी उत्तर शून्यच, आणि ते अगदी योग्य उत्तर असते. वेळेची फंक्शने लिहिणाऱ्यांनी 'नाही' आणि 'शून्य' ह्यांत कधी फरक केलाच नाही असे मला वाटू लागले आहे. एमकेटाइम हे उलट दिशेचे फंक्शन, चौकटीवरून सेकंद काढणारे. ते अपयशी ठरले की उणे एक देते. उणे एक म्हणजे आपल्याकडची १ जानेवारी १९७० ची पहाट, ५ वाजून २९ मिनिटे ५९ सेकंद. मावशी विहिरीकडे निघालेली असणार.

मराठीत तारीख छापायची तर आणखी गंमत असते. सीमधला प्रत्येक प्रोग्रॅम जन्मतः सी नावाच्याच स्थानिक मांडणीत सुरू होतो, म्हणजे महिने आणि वार इंग्रजीत. संगणकाची भाषा मराठी ठेवलेली असली तरी सेटलोकेल ह्या फंक्शनला मुद्दाम सांगितल्याशिवाय तो तिकडे ढुंकून पाहत नाही. सांगितले की महिना देवनागरीत येतो, पण आकडे इंग्रजीच राहतात. जागेचा हिशेबही बदलतो. इंग्रजी फेब्रुवारी आठ बाइटांत आटोपतो. देवनागरीतल्या फेब्रुवारीत काना, वेलांट्या आणि हलन्त धरून दहा चिन्हे आहेत, आणि अक्षरे साठवण्याच्या यूटीएफ-८ ह्या पद्धतीत प्रत्येकाला तीन बाइट, म्हणजे एकूण तीस. इंग्रजी तारीख डोळ्यांपुढे ठेवून मापलेल्या जागेत मराठी तारीख मावत नाही, आणि मग वर सांगितलेले ते शून्य येते. दिवसाचे दोनच भाग करण्याची सक्ती वेगळीच. आणि पावणेदोन हे कोणत्याही साच्यातून निघत नाही, कारण त्यासाठी एकवर पंचेचाळीस मिनिटे झाली असताना पुढच्या तासाचे नाव घ्यावे लागते, दीड आणि अडीच ह्यांना तर स्वतंत्र वागवावे लागते. हे सगळे मी एकदा हौसेने लिहिले आहे. कामाचे काही नव्हते, पण स्क्रीनवर 'दुपारचे पावणेदोन' उमटलेले पाहून जेवायला उठताना बरे वाटले होते.

मावशीच्या घरात मात्र आरंभ १९७० चा नव्हताच. तिच्या माहेरी वेळ मोजायची ती भूकंपापासून. 'भूकंपाच्या आधी म्हैस घेतली', 'भूकंपानंतर दोन वर्षांनी अण्णा गेले', असे. सातारा जिल्ह्यातल्या त्या पिढीला कोयनेचा भूकंप वर्षासकट, वारासकट, काळोखासकट आठवतो: सोमवार, ११ डिसेंबर १९६७, पहाटे ४ वाजून २१ मिनिटे. मावशी तेव्हा सहावीत होती. फडताळातली पितळेची भांडी एकापाठोपाठ एक खाली आली, आजीने कोणाला हाताला तर कोणाला झग्याला धरून अंगणात ओढले, आणि थंडीत सगळा वाडा उजाडेपर्यंत बाहेर बसून राहिला, हे ती आजही एका दमात सांगते. ही तिच्या आयुष्यातली सर्वांत पक्की वेळ. मी ती संगणकाला दिली. टाइम-टीच्या हिशेबात ती उणे साडेसहा कोटींच्या आसपास पडते, म्हणजे शून्याच्या अलीकडे, आणि लिनक्सवर लोकलटाइमने ती जशीच्या तशी परत दिली. जीएमटाइम ह्या जोडफंक्शनने, जे जागतिक वेळेत बोलते, मला सांगितले की भूकंप रविवारी, १० डिसेंबरला, रात्री १० वाजून ५१ मिनिटांनी झाला. जगभरच्या भूकंपसूचींत तो १० डिसेंबरचाच आहे. दोन्ही खरे आहे, पण कराडच्या अंगणात बसलेल्या माणसाला रविवार सांगून पाहावा. विंडोजवरचे लोकलटाइम तर ह्या भानगडीतच पडत नाही. १९७० च्या आधीचे काही दिले की ते सरळ हात वर करते आणि नल, म्हणजे 'उत्तर नाही' ही खूण, परत देते. ह्या वेळी मात्र मला त्याचा राग आला नाही. मला जमत नाही, असे म्हणणारे ह्या सगळ्या गोतावळ्यातले ते एकच दिसले.

भूकंपाची वेळ मिनिटापर्यंत माहीत असलेल्या मावशीचा वाढदिवस १ जूनला आहे. निदान आधार कार्डावर तरी. माझ्या आईचाही १ जूनलाच आहे, मामांचाही, आणि तुमच्या घरातल्या साठीपुढच्या निम्म्या मंडळींचाही असणार. शाळा जूनमध्ये उघडत, पोराला दाखल करायला आलेल्या बापाला जन्मतारीख सांगता येत नसे, आणि गुरुजी वयाचा अंदाज घेऊन १ जून लिहून टाकत. त्यात कोणाचे काही अडले नाही. नोकऱ्या लागल्या, निवृत्त्या झाल्या, पेन्शनी सुरू झाल्या, सगळे १ जूनच्या हिशेबाने. दर वर्षी त्या दिवशी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर केकच्या चित्रांचा पूर येतो आणि उत्सवमूर्ती 'हा काही खरा नव्हे' असे म्हणत शुभेच्छा घेतात. मला रिक्षातून उतरल्यावर जे हळूहळू उमगत गेले ते हे की गुरुजींनी आणि युनिक्सने एकच केले. दाखल्यावर दिवसाची जागा होती, ती कोरी ठेवायची सोय नव्हती, म्हणून त्यांनी तिथे नियमात बसणारे काहीतरी भरले. फरक एवढाच की गुरुजींची १ जून आपण सगळे ओळखतो आणि तिच्याकडे पाहून गालात हसतो.

आजीला मावशीचा जन्म नीट माहीत होता. नागपंचमीचा आदला दिवस, बुधवार, दिवेलागण, पाऊस लागलेला, आणि दाईला ओढा ओलांडून आणावे लागले होते. फक्त साल पक्के नव्हते. ही सगळी माहिती स्ट्रक्ट टीएमच्या नऊ रकान्यांत भरायला घेतली की हातात काहीच उरत नाही. दिवस माहीत नाही म्हणून शून्य ठेवावे तर एमकेटाइम त्याचा अर्थ आदल्या महिन्याचा शेवटचा दिवस असा लावते. जूनची शून्य तारीख दिली की ३१ मे परत येते, विनातक्रार. आणि वाराचा रकाना, आजीला ज्याची सर्वांत जास्त खात्री होती तो, एमकेटाइम वाचतच नाही. तारखेवरून वार स्वतः काढते आणि आपण भरलेल्या वारावर लिहून टाकते. शाळेच्या दाखल्यातली १ जून १९५६ दिली तर तिथे शुक्रवार येतो. आजी असती तर संगणकाला चार शब्द ऐकवून उठून गेली असती.

आमच्या घराण्याची वंशावळ छापण्यासाठी मी फावल्या वेळात सीमध्येच एक छोटा प्रोग्रॅम लिहीत आहे. त्यात जन्मासाठी दोन रकाने ठेवले आहेत. एक कागदोपत्री तारखेचा. तो स्ट्रफटाइमकडे जातो आणि दिवस, महिना, चार आकडी वर्ष असा बाहेर येतो, पण ती तारीख भरलेली आहे की नाही हे सांगणारी एक खूण मी शेजारी स्वतंत्र ठेवली आहे, आणि खूण नसेल तर तिथे रेघ छापली जाते. दुसरा रकाना जसे सांगितले तसे लिहायचा. तो कोणत्याही फंक्शनकडे जात नाही. त्याला आधी २५६ बाइट दिले होते, पण देवनागरीत ती साधारण पंच्याऐंशी चिन्हे होतात आणि आमच्याकडची माणसे थोडक्यात सांगणारी नाहीत, म्हणून १०२४ केले. मावशीची नोंद आजीच्या शब्दांत भरली आणि ते पान घरच्या ग्रुपवर टाकले. संध्याकाळी मामांचा फोन आला. बुधवार नव्हता, गुरुवार होता, आणि पाऊस तर दोन दिवस आधीच उघडला होता; दाईला आणायला ते स्वतः गेले होते, त्यांना कोण सांगणार. मी तेही स्वल्पविराम देऊन पुढे जोडले.